दाजींच्या फ्रीजमधली चारोळी

जगात ज्याने ज्याने फ्रीज विकत घेतला, त्याने आधी त्यात पाणी गार करायला ठेवलं असणार. हा नियम मोडणारा माणूस एकच जन्माला आला आणि तो नेमका आमच्या घरात जावई म्हणून आला. आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. त्यांनी फ्रीज आणला तो पाण्यासाठी नाही, दुधासाठी नाही, बर्फासाठी तर मुळीच नाही. त्यांनी तो चारोळी आणि गोडंबी ठेवायला आणला. लोक हसायचे. हसोत बापडे. मला मात्र दाजींचं नाव निघालं की अजून छाती फुगल्यासारखं होतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. रोज एखादी नवी कचेरी उघडायची, तिची पाटी कोरी करकरीत आणि आत खुर्च्या यायच्या बाकी. दाजी किनवटकडून बदलून अशाच एका कचेरीत आले आणि औसा रोडकडच्या नव्या वसाहतीत त्यांनी घर घेतलं. मी नांदेडहून कॉलेजसाठी ताईकडे राहायला आले होते, त्यामुळे दाजींची सगळी नाटकं मी पहिल्या रांगेत बसून पाहिली. बदलून चाललेल्या एका साहेबांचा जुना फ्रीज त्यांनी घेतला. एकच दार आणि वर बर्फाचा एवढासा कप्पा. त्या कप्प्याला दाजी ‘तिजोरी’ म्हणायचे.

तिजोरीतला माल यायचा इस्लापूरहून. दाजींची आई तिथं राहायची. सगळे तिला माय म्हणत. माय उन्हाळ्यात जंगलातून चारं, म्हणजे चारोळीची फळं, वेचून आणून चारोळी फोडायची, आणि बिब्यांचा हंगाम आला की बिबे फोडून आतली गोडंबी काढायची. बिब्याचं तेल अंगावर उडालं की कातडी जळते. मायनं हाताला कितीही राख चोळली तरी तिच्या बोटांवरचे काळे डाग कधी गेले नाहीत. दाजी म्हणायचे, “मायनं हात जाळून काढलेला दाणा आपण खवट होऊ दिला, तर आपल्यासारखे हरामखोर आपणच.”

खवटपणा हा त्यांचा जन्माचा वैरी. मायची पोटली आली की दाजी कचेरीतून आल्या आल्या, कपडेही न बदलता, दाणे सुपात पसरायचे, एकेक निवडायचे आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचे. मग पिशवीतली हवा तोंडाने ओढून काढायची, गाल पार आत जाईपर्यंत, आणि तिचं तोंड मेणबत्तीवर धरून चिकटवायचं. त्या वेळी घरात कुणी बोललेलं चालायचं नाही. ताईनं एकदा फ्रीजमध्ये अर्धा चिरलेला कांदा ठेवला, तर दाजींनी तो कांदा हद्दपार केला आणि चारोळीला वास लागला का हे बघायला मला, ताईला आणि आलेल्या दूधवाल्याला ओळीने हुंगायला लावलं. औशाला एका लग्नात पंगतीला बसले, तर शिऱ्यातली चारोळी वेचून पत्रावळीच्या कडेला मांडून ठेवली. यजमान हात जोडून धावत आले, काही कमी पडलं का म्हणून. दाजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमचं काय चुकलं न्हाई. चारोळीचं वय झालंय.” ताईनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून घेतला.

पण त्यांचा सगळ्यात मोठा कायदा पिशवी उघडण्याचा. तिजोरीतून काढल्या काढल्या पिशवी उघडायची नाही. ती तशीच बंद ठेवायची. बाहेरून तिला घाम फुटतो, मग तो सुकतो, मग हाताला गार लागेनाशी झाली की उघडायची. आधी उघडली तर तो घाम आत दाण्यांना येतो आणि दाणे मऊ पडतात. मला एका वाटीभर चारोळीसाठी पिशवीसमोर नातेवाइकाच्या गाडीची वाट बघितल्यासारखं बसावं लागायचं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर वैशाखी पौर्णिमेच्या खिरीसाठी. आमचं घर बौद्ध. इस्लापूरला बुद्धजयंतीला मायच्या हातची खीर सगळ्या गल्लीत वाटली जायची. दाजींनी लातूरच्या वसाहतीतही पहिल्याच वर्षी मोठं पातेलं चढवलं आणि घरोघर वाट्या पाठवल्या. कुणाचा उपवास निघाला, कुणाला दूध पचत नव्हतं. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकूंनी, औशाकडच्या जमीनदार शेतकरी घरातल्या होत्या त्या, वाटी हसून घेतली. थोड्या वेळानं मी आणि दाजी परसात उभे असताना काकूंनी ती आपल्या मागच्या दारी गाईपुढे ओतली. माझं डोकं भणभणलं. मी तोंड उघडणार, तोच दाजी म्हणाले, “गाय नशीबवान हाय. पयल्याच घासाला चारोळी.” आणि आत जाऊन उरलेली चारोळी पिशवीत भरून गाल आत ओढायला लागले. पुढच्या वर्षासाठी. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, हे ताईनं मला नंतर सांगितलं. वसाहतीनं आपल्या घरचा घास खावा, एवढंच त्या माणसाला हवं होतं, आणि त्यासाठी तो वर्षभर दाणे राखणार होता.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. नळाला नुसती हवा यायची, टँकर आला की रस्ताभर घागरी धावायच्या. उन्हानं माणसं बेजार झाली आणि सगळ्यांना आठवला दाजींचा फ्रीज. जो तो बर्फ मागायला यायचा. दाजी प्रत्येकाला शांतपणे सांगायचे, “बरफ म्हंजी गोठलेलं पाणीच ना? पाणीच न्हाई तर गोठवू काय?” खरं कारण सगळ्यांना माहीत होतं, तिजोरीत जागाच नव्हती. वीज गेली की दाजी फ्रीजला वाकळ गुंडाळून ठेवायचे. एकदा काकूंनी खिडकीतून ते पाहिलं आणि घरात कुणाला ताप आला का म्हणून ताईला विचारलं.

त्याच दिवसांत काकूंची लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळंत झाली. लाडवांना गोडंबी हवी, आणि बाजारात त्या वर्षी चांगली गोडंबी कुठून येणार? काकूंनी मिळाली ती आणून परतायला घेतली. तो वास भिंतीवरून आमच्याकडे आला मात्र, दाजी ताटावरून उठले. “खवट हाय. बाळंतिणीला बाधंल,” म्हणाले आणि थेट तिजोरीकडे गेले. ताईनं वाट अडवली. ज्यांनी आपली खीर गाईला घातली त्यांना मायची गोडंबी द्यायची का, असं तिनं विचारलं. मलाही तेच विचारायचं होतं. दाजी म्हणाले, “गोडंबी बाळंतिणीची असती. घर कुणाचं का असंना.”

ते पिशवी घेऊन गेले, मागोमाग मी. काकू दारात अवघडून उभ्या राहिल्या. ‘घ्या’ म्हणून दाजी परत आले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण दाजींचा कायदा होता ना. त्यांनी पिशवी काकूंच्या हातात दिली आणि बजावलं, की घाम सुकेपर्यंत उघडायची नाही. आणि काकू उघडतीलच या धास्तीनं तिथंच थांबले. आता दारात उभ्या माणसाला बसा म्हणणं भाग होतं. काकूंनी सतरंजी टाकली. मध्ये पिशवी, इकडे आम्ही, तिकडे काकू. बोलायचं काय? शेवटी काकूंनी विचारलं, गोडंबी कुठली. मग दाजी मायबद्दल बोलत राहिले, तिच्या बोटांवरच्या डागांबद्दल, राखेबद्दल. काकू आपल्या बोटांकडे बघत ऐकत होत्या. पिशवीचा गारठा कधीच गेला होता, पण कुणी उठेना.

पौर्णिमा आली तेव्हा टँकरचा पत्ताच नव्हता. घरात पिण्यापुरतं पाणी होतं. यंदा खीर नको, ताई म्हणाली. दाजींनी ऐकून घेतलं, पण सकाळी चारोळीची पिशवी काढून ओट्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी बसून राहिले. त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. काकू कमरेवर भरलेली घागर घेऊन आल्या. दुष्काळातली घागर, आणि औशाच्या काकूंच्या घरातलं पाणी, आमच्या चुलीवर चढायला. त्यांनी ती ताईच्या पुढ्यात ठेवली. “खिरीला लागंल. तांदूळ यात शिजवा,” म्हणाल्या. आणि घरी न जाता ओट्यावर टेकल्या. दाजींचा हात पिशवीकडे गेला. एरवी ज्यांनी सगळ्यांना थांबवलं, ते त्या दिवशी स्वतःच घाई करत होते. काकूंनी पिशवीवर तळहात ठेवला.

“अजून गार हाय,” त्या म्हणाल्या. “थांबा जरा. मी बसते तवर.”

त्या दिवशी काकूंनी आमच्या ओट्यावर बसून खीर खाल्ली आणि लेकीसाठी वाटी भरून नेली. त्यांना बघून मग हळूहळू इतर घरंही आली. दाजी वाढताना एकाच हातानं वाढत होते, दुसऱ्यानं डोळे पुसत होते, आणि चुलीचा धूर लई झाला म्हणून ताईवर डाफरत होते.

आता माय नाही, काकूही नाहीत. दाजी रिटायर होऊन नांदेडला आमच्या जवळच राहतात. फ्रीज मोठा झालाय, बर्फाला भरपूर जागा आहे, आणि चारोळी, गोडंबी आता बाजारातून येते. पौर्णिमेला मी पिशवी काढून ओट्यावर ठेवते. दाजी काठी टेकत येऊन तिच्याशेजारी बसतात. पिशवीचा गारठा जातो, तिचा घाम सुकतो, मी उघडू का म्हणून विचारते. ते तळहात ठेवून बघतात, रस्त्याकडे नजर टाकतात आणि म्हणतात, “थांब जरा. अजून गार हाय.”

नसते गार. पण मी थांबते.