वीस वर्षांनी प्यायचा चहा

सत्तरीला टेकलेल्या बाईने काय जमवावं याबद्दल आमच्या डिलाईल रोडच्या चाळीची मतं ठाम आहेत. मी चिनी चहा जमवते. थालीपिठाएवढ्या दाबलेल्या चकत्या, कागदात गुंडाळलेल्या. वर्षानुवर्षं ठेवल्या की त्यांचा तुरटपणा जातो आणि चव मुरत जाते. त्यांना सावली लागते, थोडी हवा लागते आणि शेजारी कसलाही वास चालत नाही. म्हणून बाहेरच्या खोलीतलं कपाट मी त्यांना दिलं आणि पाहुण्यांच्या कपबश्या माळ्यावर टाकल्या. नोकरीभर ऑफिसातलं उकळून काळं केलेलं पाणी प्याले. आता मला हवा तोच चहा पिणार.

गेल्या मे महिन्यात मी बहिणीकडे गेले होते. घरी धाकटी जाऊ होती. नवरे गेल्यापासून आम्ही दोघीच राहतो. तिने कपाट पुसायला काढलं, तर एका चकतीवर तिला पांढरं दिसलं. ती चहाच्याच कोवळ्या कळ्यांची लव होती. पण जाऊ मालवणकडची, आणि बुरशीवर तिच्याकडे एकच औषध. मी परतले तेव्हा गच्चीवर चटईवर कोळंबीचे सोडे वाळत होते आणि त्यांना खेटून माझा सगळा चहा.

"वयनी, बुरशी इलली, म्हणान उन्हात घातलंय," ती म्हणाली.

मला रडूच आलं. संतापही आला, पण बाई कावळे हाकत दुपारभर तिथे बसली होती. तिला बोलणार काय?

रविवारी मुलगा आला. चकती हुंगून त्याने नाक मुरडलं आणि सगळं टाकून दे म्हणाला. मी म्हटलं, वास जाईल, दहा वर्षं लागतील.

"आई, दहा वर्षं?"

"मग? मला कुठे जायचंय?"

त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. तो काय मोजत होता ते मला कळलं आणि भयंकर राग आला. या घरात माझी वर्षं सगळे मोजतात. त्या वर्षांत मी काय करणार आहे, हे कोणी विचारत नाही.

पुढच्याच आठवड्यात मी नवी चकती घेतली, मुद्दाम अगदी कच्ची. आज प्यायली तर जीभ आखडेल अशी.

ही कधी प्यायची, जावेने विचारलं. वीस वर्षांनी, मी म्हटलं. ती बोटांवर माझं वय मोजू लागली आणि मध्येच थांबली.

"मगे माका पण एक कप ठेव," ती म्हणाली, आणि कपाटाजवळचा सोड्यांचा डबा उचलून आत घेऊन गेली.