वॉशरखालची सुळी

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत माझ्या थोरल्या बहिणीचं दुकान आहे. भांड्यांवर नावं घालायचं. एक खोली, एक टेबल, हातात धरून कोरायचं विजेवरचं यंत्र आणि खिडकीशी एक स्टूल. ते स्टूल गिऱ्हाइकांसाठी आहे. निवृत्त झाल्यापासून त्यावर बहुतेक मीच बसतो. मी तीस वर्षं एका तमिळ दैनिकात उपसंपादक होतो. घरात देवनागरी वाचता येणारा मी एकटा. अक्का बोलते मराठी, लिहिते तमिळ, आणि भांड्यावर गिऱ्हाईक सांगेल त्या लिपीत कोरते.

लग्नात द्यायच्या भांड्यांवर नाव घालून घेणारी माणसं कमी होत चालली आहेत. दुकान चालू राहिलं ते वेगळ्याच कामामुळे. तिरुच्चीचा एक कारखानदार लष्करासाठी पाण्याच्या टाकीचे ट्रेलर बनवतो. प्रत्येक ट्रेलरवर तळहाताएवढी पितळी पट्टी बसते. तिच्यावर अनुक्रमांक, टाकीत किती पाणी मावतं, रिकाम्या ट्रेलरचं वजन, चाकातली हवा, बनवल्याचं वर्ष. चार कोपऱ्यांना चार भोकं, भोकांत स्क्रू, स्क्रूखाली वॉशर. या पट्ट्या तीन वर्षं अक्का कोरत होती.

यंदा ऐंशी ट्रेलरांची खेप तपासणीला गेली. एका पट्टीचा स्क्रू सैल होता. तपासणी अधिकारी मेजर होते. त्यांनी तो काढायला लावला, वॉशर खाली पडला, आणि भोकाच्या कडेला पितळात कोरलेला एक बारीक वळसा दिसला. मेजरांनी शेजारच्या ट्रेलरचा तोच स्क्रू काढायला सांगितला. तिथेही वळसा होता. मग ऐंशीही पट्ट्यांचा वरचा डावा स्क्रू काढून झाला.

आठ दिवसांनी कारखान्याचा व्यवस्थापक मेजरांचं पत्र घेऊन दुकानात आला. पत्र तीन ओळींचं होतं. मंजूर ड्रॉइंगमध्ये नसलेली खूण सर्व पट्ट्यांवर आढळली आहे. तिचा अर्थ आणि कारण कोरणाऱ्यानं लेखी कळवावं. कळवेपर्यंत खेप अडवून ठेवली होती. खुलासा पटला नाही तर पट्ट्यांचं काम कोइमतूरच्या एका लेसरवाल्याकडे जाईल, हे व्यवस्थापकानं तोंडी सांगितलं.

खुणेचा अर्थ आमच्या गावात कोणालाही विचारावा लागत नाही. ती पिळ्ळैयार सुळी होती. तमिळ माणूस कागदावर काहीही लिहिण्याआधी माथ्यावर गणपतीसाठी तमिळ 'उ' अक्षरासारखा एक वळसा काढतो, किराण्याच्या यादीवरसुद्धा. मराठीत कागदावर आधी श्री लिहितात, तसंच. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या दोन्ही चालत आलं आहे.

"अम्मा, यात काही नाही," व्यवस्थापक म्हणाला. "लिहून द्या की सुईची धार बघायला काढलेली रेघ आहे. वॉशरखाली झाकली जाते म्हणून तिथं काढली. मेजर सही करतील. प्रकरण संपलं."

"आणि नाही लिहिलं तर?"

"देवाची खूण आहे असं लिहिलंत तर ते सही करू शकत नाहीत. सरकारी सामानावर कुठल्याच धर्माची खूण चालत नाही. माझीही नाही." तो रविवारी चर्चमध्ये गाणारा माणूस. अक्काला कामाची चिठ्ठी पाठवतो तेव्हा तिच्या माथ्यावर पेन्सिलीनं बारीक क्रूस असतो. मी ते बोलून दाखवलं. "चिठ्ठी ट्रेलरला लावत नाही ना सर," तो म्हणाला.

तो गेल्यावर अक्कानं चष्मा पुसला. "तूं पेपरांत होतास की. तूंच लिही. अस्कं सगळं आयुष्य दुसऱ्याचं लिहिलेलं खोडलंस, आतां एक कागद लिहून दे."

"काय लिहू?"

"खरं असेल तें."

खरं काय, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. व्यवस्थापकानं सुचवलेलं खोटं नव्हतं. सुई नवी बसवली की अक्का वळसा काढते, पितळाचा कीस कसा निघतो ते पाहते आणि यंत्राचा वेग कमीजास्त करते. हे मी स्टुलावरून अनेकदा पाहिलं होतं. जवळच्या ग्रंथालयात नोकरी केलेला एक शेजारी तर म्हणाला की सुळी मुळात त्यासाठीच आहे: ताडपत्रावर लिहिणारे हा वळसा काढून लेखणीचं टोक आणि पान दोन्ही पारखून घेत, देव त्यात मागाहून आला. आधार काय, असं विचारल्यावर तो हसला. "तुम्ही पेपरवाले प्रत्येक गोष्टीला आधार मागता. मला माझ्या बापानं सांगितलं."

माझा स्वतःचा सुळीशी संबंध ती खोडण्याचा. बातमीदार हातानं लिहून द्यायचे त्या काळात प्रत्येक बातमीच्या माथ्यावर ती असायची. उपसंपादकाचं पहिलं काम तिच्यावर काट मारायचं, नाहीतर छापखान्यात खिळे जुळवणारा तीही जुळवायचा. एकदा माझ्या हातून राहिली. देव न मानणाऱ्या एका मंत्र्याच्या भाषणावर छापून आली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयातून फोन आला, आणि संपादकांनी तो मला उचलायला लावला. पलीकडचा माणूस रागावलेला नव्हता. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं की ही साहेबांची थट्टा आहे की आमची सवय. मी सवय म्हणालो. "सवयच असेल तर दिसू देऊ नका," तो म्हणाला.

दोन दिवस मी अक्काचं काम नव्यानं पाहिलं आणि वहीत टिपत गेलो. तिसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "सुई तू सकाळी एकदा बसवतेस. सुळी मात्र प्रत्येक पट्टीवर काढतेस. धार बघायची असती तर दिवसाला एक पुरली असती."

"मग? मी कधीं म्हटलें धार बघायला काढतें म्हणून? तो म्हणाला."

"वॉशरखाली का काढलीस?"

तिनं यंत्र बंद केलं. "ड्रॉइंगांत जागा नव्हती. वर काढली असती तर त्यांनी परत पाठवली असती. खालीं काढली तर कोणाला त्रास? त्या गाडींतलं पाणी पोरं पितील, डोंगरांत, थंडींत. पाणी नीट पोचावें एवढंच."

"लपवलीस, म्हणजे चालणार नाही हे माहीत होतं."

"तूं कोणाच्या बाजूचा रे?"

"कागदाच्या."

"तीस वर्षं पगार घेतलास त्याचा, अजून सुटेना," ती म्हणाली आणि यंत्र चालू केलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मजकूर सांगितला आणि मी इंग्रजीत उतरवला. ही गणपतीची खूण आहे. काम सुरू करताना काढायची आमची रीत आहे. सुईची पारखही तिनं होते, पण प्रत्येक पट्टीवर काढण्याचं ते कारण नाही. ड्रॉइंगमध्ये नाही हे मला माहीत होतं, म्हणून झाकली जाईल अशा जागी काढली. शेवटचं वाक्य गाळावं असं मला वाटलं, आणि मी तसं सांगितलं. ती म्हणाली, तेंच तर खरं आहे, बाकी तर त्यांना कोणीही सांगेल. कागद पाहून व्यवस्थापकानं कपाळाला हात लावला. "अम्मा, तुम्ही कोइमतूरवाल्याच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून लिहिलंय का हे?"

कागद गेला आणि पुढच्या आठवड्यात मेजर स्वतः दुकानात आले, सोबत एक सुभेदार. मेजर उत्तरेकडचे होते, वय पस्तिशीच्या आसपास. मी त्यांना स्टूल दिलं. ते बसले नाहीत. टेबलावरचं अर्धं नाव घातलेलं पातेलं त्यांनी उचलून पाहिलं.

"मॅडम, तुम्ही खरं लिहिलंत, त्यामुळे माझं काम वाढलं," ते इंग्रजीत म्हणाले. मी अक्काला मराठीत सांगितलं.

"त्यांना विचार," अक्का म्हणाली, "गांवांत कोटावर थोरली तोफ आहे, तिला देवाचं नांव आहे. तोफेला चालतं आणि पाण्याच्या टांकीला चालत नाहीं?"

मेजरांनी तोफ त्याच सकाळी पाहिली होती. "ती तोफ एका राजाची होती," ते म्हणाले. "राजाचा देव तोच तिचा देव."

"आणि ही गाडी?"

"ही कोणा एकाची नाही. कुठल्या तुकडीकडे जाईल, कोण पाणी भरेल, मला माहीत नाही. माहीत नसावं अशीच ती बनवायची."

मी विचारलं, "जवान घोषणा देतात त्यात देवांची नावं असतात. ती?"

हा प्रश्न त्यांना याआधीही कोणीतरी विचारला असावा. उत्तर लगेच आलं. "घोषणा देणाऱ्याची असते. आणि ती ड्रॉइंगमध्ये नसते." मग म्हणाले, "तुमचा प्रश्न चुकीचा नाही. पण मी ट्रेलर तपासतो."

त्यांना एवढंच पाहायचं होतं, की या बाई खुणेशिवाय पट्टी कोरू शकतात की नाहीत. सुभेदारानं कोरी पट्टी टेबलावर ठेवली. यंत्र अक्काच्या हातात, पण सुरू नाही. मला वाटलं, नाही म्हणेल. मग तिनं खालच्या डब्यातून कापून उरलेला पितळाचा एक तुकडा काढला, पट्टीच्या डावीकडे ठेवला, त्यावर सुळी काढली, कीस फुंकला, आणि सुई पट्टीवर टेकवली. वीस मिनिटांत पट्टी झाली. मेजरांनी खिशातल्या भिंगानं चारी कोपरे तपासले.

"तो तुकडा?" त्यांनी विचारलं.

"तो माझा," अक्का म्हणाली. हे तिनं इंग्रजीतच सांगितलं.

ऐंशी पट्ट्या नव्यानं करून द्यायच्या ठरल्या. पितळ कारखान्याचं, मेहनत अक्काची. तिला अकरा दिवस लागले. त्या एकाच तुकड्यावर ऐंशी सुळ्या मावल्या नाहीत. तीन तुकडे लागले.

अडचण जुन्या पट्ट्यांची आली. त्यांच्यावर लष्करी अनुक्रमांक होते, म्हणून अधिकाऱ्यासमोर कापून भंगारात वितळवायच्या होत्या. अक्का म्हणाली, सुळी असलेलं पितळ भंगारात द्यायचं नाही. तिरुवैयारुला जाऊन कावेरीत सोडायचं. व्यवस्थापक म्हणाला, अनुक्रमांक नदीत सोडता येत नाहीत. फोनवर दोघं अर्धा तास बोलले आणि कोणी मागे हटलं नाही. शेवटी आम्ही नव्या पट्ट्या घेऊन बसनं तिरुच्चीला गेलो.

कारखान्याच्या शेडमध्ये मेजर, सुभेदार आणि पत्रा कापायची पायानं चालवायची मोठी कात्री होती. अक्कानं जुनी पट्टी हातात घेतली आणि वरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "एवढं मला द्या. बाकी तुमचं."

मेजरांनी खिशातून ड्रॉइंग काढलं आणि कोपरा पाहिला. "इथं ड्रॉइंगमध्ये फक्त भोक आहे," ते म्हणाले. "भोकाचा मला उपयोग नाही."

सुभेदारानं कात्री चालवली. कोपरा एका डब्यात, उरलेली पट्टी नंबरावरून आडवी कापून दुसऱ्या डब्यात. तास गेला. अक्का शेजारी उभी राहून मोजत होती, सुभेदारही मोजत होता, आणि साठाव्याला दोघांत एकाचा फरक पडला तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजलं. व्यवस्थापकानं तोवर पुढच्या खेपेचं ड्रॉइंग आणून मला दिलं. अक्काकडे द्यायचं धाडस त्याला झालं नसावं.

"कोपरे मिळाल्याची पावती लागेल," मेजर म्हणाले. "फाइलला लावायला."

सुभेदारानं कोरा कागद पुढे केला. अक्का टेबलाशी बसली, पेन घेतलं, आणि लिहायच्या आधी हात आपोआप कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला. सुळी काढून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती थांबली. व्यवस्थापक छताकडे पाहू लागला.

"लिहा, लिहा," सुभेदार म्हणाला.

तिनं लिहिलं: ऐंशी कोपरे मिळाले. खाली सही केली. सुभेदारानं कागद घेतला, सुळीचा कोपरा कात्रीत तिरका धरला, पाय दाबला, आणि खाली पडलेला कागदी त्रिकोण उचलून तिच्या डब्यात टाकला.