आतड्याची पिशवी आणि गोलघुमट

गोलघुमट बघायचा हट्ट आमच्या ह्यांचा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. गाठ झाली म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी ह्यांचं मूत्राशय काढून टाकलं आणि आतड्याच्या तुकड्याची नवी पिशवी शिवून बसवली. त्यानंतर चार-पाच वर्षं हे सोलापूरबाहेर पडले नव्हते. त्या पिशवीला लघवीची कळ नाही. भरली की सरळ ओघळते. म्हणून हे घड्याळ बघून मोरीत जायचे, उकिडवे बसून पोट दाबायचे. मला मात्र राहून राहून नवल वाटे, भाकरी जिरवणारं आतडं हे काम शिकलं कसं!

शुक्रवार पेठेतून टांग्यानं स्टँडवर आलो, सकाळची विजापूरची एसटी धरली. तिकीट खिशाला जड नव्हतं. रस्ता हाडं खिळखिळी करणारा, पण नजर पोचेल तिथवर ज्वारी. डब्यात कडक भाकरी नि शेंगाचटणी, कारण वाटेत तेव्हा चहाशिवाय काही मिळत नसे.

भीमा ओलांडली, पाट्या कानडी झाल्या. झळकीला गाडी थांबली तसे हे आडोशाला गेले आणि पांढरेफटक होऊन परतले.

"होतच न्हाय गं."

गाडीत फजिती नको म्हणून ह्यांनी आदल्या दिवसापासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं! आतडं कुठंही बसवा, आपला बुळबुळीत स्राव ते सोडतंच; पाणी कमी पडलं की तो घट्ट होऊन वाट बुजवतो. डॉक्टरांनी बजावलं होतं. मी घाबरले, आणि संतापलेही.

"धोतर भिजलं असतं तर मी धुतलं असतं की!"

चहावाल्या आजीनं तांब्या पुढं केला. "नीरु कुडीरी, पाणी प्या." घोट घोट पाजत मी ह्यांना फिरवलं, बसवलं, पुन्हा फिरवलं. गाडीत कुणीतरी कुरकुरलं, "लई येळ झाला की."

"झाला तर झाला," कंडक्टर म्हणाला. "घुमट कुटं पळून जातोय?"

शेवटी शेंबडासारखा गोळा पडला, मग धार लागली. तो आवाज ऐकून मी उभ्या उभ्या रडले.

घुमटाच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलं तरी पार पलीकडे ऐकू येतं. एवढं विटा-चुन्याचं आभाळ आणि खाली एक खांब नाही! मान दुखेस्तोवर वर बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं. माणसाच्या हातचं कोणतं काम थोर म्हणावं, हे की ह्यांच्या पोटात शिवलेलं, मला ठरवता येईना. ते तर पुढे म्हातारपणापर्यंत टिकलं.

परतीच्या गाडीत हे तांब्याभर पाणी प्याले. सोलापूर यायच्या आत धोतर भिजलंच.

आज घुमट मला धूसर आठवतो. लख्ख आठवते ती घरची संध्याकाळ. मी धोतर पिळून दोरीवर टाकत होते. हे पायरीवर बसून पाणी पीत होते.

"हंपी किती लांब हाय गं?" ह्यांनी विचारलं.