एकादशीला उकडलेला डेलिया

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, घरातल्यांचा उपास सुटायच्या आत मी घर सोडलं. एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्या हातात पत्र्याची कोरी झारी, वडूजला जाऊन मुद्दाम करून घेतलेली. आबा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर घोंगड्यावर बसून होते. थोरला भाऊ अण्णा गोठ्यात बैलांना वैरण टाकत होता आणि मी निघालोय हे त्याला चांगलं दिसत होतं. कुणी थांब म्हणालं नाही. म्हणाले असते तरी मी थांबलो नसतो. अंगणाच्या कडेला आमचा उकिरडा आहे, तिथवर आलो, त्याच्यावर थुंकलो आणि सर्व्हिस मोटारीच्या रस्त्याला लागलो.

अण्णा, हे तुला लिहितोय. आणि लढाई संपल्यावर पलटणीतून सुटून पुण्या-मुंबईला चिकटलेल्या आपल्या गावच्या गड्यांनाही, कारण तुम्ही सगळे ही गोष्ट अजून हसत सांगता. सांगलीच्या बाजारात गावचा कुणी भेटला की ख्यालीखुशाली नंतर, आधी 'किसन्या, रताळी काय म्हन्त्यात?' हसा. पण पुरती ऐकून हसा.

लढाई लागली त्या साली मी पाचगणीला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी म्हणून लागलो. बाविशीचा होतो. साहेब बरा होता, कारण तो कधी दिसायचा नाही. मडम मात्र दिवसभर हातात वेताची छडी घेऊन बागेत माझ्या मागं मागं. तिचा जीव डेलियावर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो, ताटाएवढं फूल, पाकळीवर पाकळी, वास काडीचा नाही. फुलं सरली की झाड वाळतं, पण जमिनीखाली कंद जिवंत असतात, हुबेहूब रताळ्यासारखे. पावसाळ्याआधी ते काढून राखेत घोळवून कोरड्या वाळूत निजवायचे आणि वेळ आली की पुन्हा लावायचे. एक झाड असं वर्षानुवर्षं चालतं. फक्त नुसता कंद लावून भागत नाही. कंदाच्या वर जुन्या देठाची मान असते, त्या मानेवर बारीक डोळे असतात आणि कोंब तिथूनच येतो. मान तुटली की कंद मातीत कुजतो. माझ्या हातून पहिल्या वर्षी चार माना तुटल्या आणि मडमेनं माझ्या बोटांवर चार छड्या दिल्या. डेलियाची मान कुठं असते हे मी त्यानंतर कधी विसरलो नाही.

त्या बाईचा मला राग होता, पण तिचं काम मी पुरतं उचललं. बी धरायला लागलो. डेलियाच्या बियांतून येणारं प्रत्येक झाड निराळं निघतं. तीन वर्षं पेरलं, तीन वर्षं उपटून फेकलं आणि चौथ्या वर्षी एक झाड असं आलं की मी दिवसभर त्याच्यापुढून हललो नाही. रंग वांग्याचा, आणि प्रत्येक पाकळीचं टोक पांढरं. जगात कुठं नव्हतं ते माझ्या हातून झालं होतं. माझी आई गोदा त्या आधीच गेली होती. मी मनात फुलाला तिचं नाव ठेवलं. मडमेनं दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या पट्टीवर आपल्या भाचीचं नाव लिहून झाडाशी खोचलं.

लढाई संपली आणि साहेब लोक चंबूगबाळं आवरायला लागले. जाताना मडम म्हणाली, हे कंद घेऊन जा, नाहीतर डुकरांना घाल. बाकीची झाडं मी दुसऱ्या माळ्यांना वाटली आणि गोदाचे तेवढे कंद पेटीत वाळू घालून गावी आणले. आबांनी मागेच कबूल केलं होतं, "नोकरी सुटली तर घरला ये. विहिरीखालचं चार वाफं तुजं." दुष्काळी मुलखात विहिरीखालची जमीन फुलांना देतो म्हणणं साधं नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. कुरकुर होतीच. "वास न्हाई, देवाला चालत न्हाई, त्ये फूल कशापायी?" असं ते रोज एकदा म्हणायचे. पण शब्द फिरवला नाही. पेटी मी माजघरात कणगीमागं ठेवली आणि झारी करून घ्यायला वडूजला गेलो. कारागिरानं दोन दिवस बसवून ठेवलं.

परतलो तो एकादशीची संध्याकाळ. रेशनच्या त्या दिवसांत घरात उपासाचं काही नव्हतं, ना भगर ना शेंगदाणे. वहिनी चुलीपुढून म्हणाली, "भावजी, तुमी आणल्याली रताळी लय कडू निघाली बघा. गूळ घातला तवा कुटं घशाखाली गेली." पातेल्यात दोन फोडी उरल्या होत्या.

मी काय बोललो ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. वहिनी रडायला लागली. तिची चूक एवढीच, की वाळूत पुरलेलं रताळं दिसलं आणि तिनं ते शिजवलं. आपल्याकडं कुठल्याही बाईनं तेच केलं असतं. माझा राग तुझ्यावर होता, अण्णा. तुला पेटी ठाऊक होती. मी तुला एक एक कंद हातात देऊन दाखवला होता. तरी तू पोटभर खाल्लास आणि मिशीला लागलेला गूळ पुसत म्हणालास, "आरं, फुलं काय पोटाला लागत्यात व्हय? ह्ये तरी लागलं." आणि हसलास. मी आबांकडं वळलो. म्हटलं, आबा, तुमी बोला. ते खाली बघून म्हणाले, "कंदच हायती रं. परत आण की."

परत आण! कुठून आणणार होतो? ते झाड जगात एकच होतं आणि ते तुमच्या तिघांच्या पोटात गेलं होतं. "ह्या घरचं पाणी पिणार न्हाई" असं मी म्हणालो आणि सकाळी निघालो.

सांगलीत हळदीच्या एका जैन व्यापाऱ्याला बंगल्यासाठी माळी हवा होता. त्या घरात कंदमुळं खात नाहीत, कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, हे कळल्याबरोबर मी नोकरी पत्करली. इथं माझं काही शिजणार नव्हतं. पण त्याचाही जाच निराळाच. जमीन उकरली की जीव मरतात म्हणून व्यापाऱ्याची आई कुदळ लावू द्यायची नाही. "हळू रे, हळू," करत ती वाफ्याच्या कडेला बसायची आणि मी हातानं ढेकळं फोडायचो. तिथली काळी माती पाणी सोडत नाही, पुण्याहून मागवलेले कंद दोनदा कुजले. कृष्णेची वाळू आणून वाफे उंच केले तेव्हा कुठं लाल-पिवळी फुलं आली. लोक कौतुक करतात. मला ती बघवत नाहीत. कर्दळ, शेवंती, गुलछडी करतो, मन लावून करतो, पण डेलियाच्या वाफ्यापाशी गेलो की अजून तोंड कडू होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. निरोप उशिरा पोचला. दहाव्याला आलो, चार माणसांत बसलो, घरचं पाणी प्यायलो नाही आणि परतलो. तुम्ही दोघांनी तेव्हाही तोंड उघडलं नाहीत.

यंदा वहिनी दवाखान्यात दाखवायला सांगलीला आली आणि दोन दिवस माझ्या खोलीवर राहिली. बागेत हिंडताना डेलियापाशी थबकली. म्हणाली, "ह्येच की वो त्ये झाड. आपल्या उकिरड्यावर आल्तं त्ये. पर आपलं काळं-जांभळं हुतं, टोकाला पांढरं."

मी विळा खाली ठेवला. म्हटलं, कुठं आलं होतं?

"उकिरड्यावर. त्या रताळ्याची मुंडकी म्या तितंच टाकल्याली. दसऱ्यापतुर कमरेएवढी झाडं झाली. दिवाळीत ही एवढाली फुलं. मामंजी रोज सकाळी तांब्यानं पानी घालायचं. कुनाला शेणाची पाटी टाकू देत नव्हतं तितं."

"आन् मला कळवलं न्हाई?"

"म्या म्हन्लं हुतं ह्यास्नी कार्ड लिवा म्हून. मामंजीच नगं म्हन्लं. म्हन्ले, त्यो पानी पिनार न्हाई आसं सांगून गेलाय, आपुन हून बलवायचं न्हाई. येईल तवा बगंल."

मी विचारलं, मग? ती म्हणाली, झाडं वाळली, मामंजी गेले आणि तू उकिरड्याचं खत गाडीत भरून रानात पसरून टाकलंस. नांगर फिरला.

अण्णा, तू हसलास याचा राग मला आहे आणि तो जाणार नाही. एक कार्ड टाकलं नाहीस, त्याचा त्याहून जास्त आहे. आबांचाही आहे, मेल्या माणसावर धरू नये म्हणतात तरी आहे. पण दोन महिने झाले, मला झोपेत-जागेपणी दुसरंच दिसतंय. मानेवर डोळे असतात हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. छड्या खाऊन शिकलो होतो. माना उकिरड्यावर पडल्या होत्या, घरापासून वीस पावलांवर, आणि मी खाली न बघता तिथं थुंकून गेलो.

घर म्हटलं की आता मला ओसरी आठवत नाही, विहीर नाही, तुम्ही कुणीही नाही. तो उकिरडा आठवतो आणि त्याच्यापुढं तांब्या घेऊन वाकलेले आबा, देवाला न चालणाऱ्या फुलाला पाणी घालणारे. माझी झारी इथं खोलीत खुंटीला आहे. त्या झाडाला तिचा एक थेंब मिळाला नाही.