लामत्याची पार्टी

“थे बाई तं आत उभी आहे, मंग आमाले काहून बोलावलं?”

भर दुपारी घर पाहायला आलेल्या गुरुजीबाई अंगणातून ओरडत होत्या आणि मी फाटकाशी गाडी स्टँडवर लावत होतो. आत कोणी असणं शक्यच नव्हतं... कुलूप आत्ताच मी उघडून दिलं होतं.

मंडळी, भूतबीत मी मानत नाही. बालाघाटात घरांची दलाली करतो – अर्धं गाव मी विकलंय, उरलेलं किरायानं दिलंय. ज्या घरांत लोक पाय ठेवत नव्हते तिथं चटई टाकून घोरलोय. झोपमोड झाली असेल तर भुतांची.

हे घर माझ्या मोठ्या बहिणीचं, सुमनताईचं. रेल्वे फाटकाजवळ. भाऊजी गेल्यापासून ताई एकटी, न्हाणीत दोनदा पडली. मुलगी नागपूरहून फोनवर रडायची – आई, इकडे ये. पण ताईचा हट्ट, घर कोणाच्या तरी हाती दिल्याशिवाय हलणार नाही, कुलूप लावून तर नाहीच. बरी पार्टी एकच मिळाली, लालबर्र्याचे रिटायर्ड गुरुजी. तेही ‘पाहू, पाहू’ करत बसलेले.

मग मी माझं हुकमी हत्यार काढलं – दुसरी पार्टी. म्हणजे नसलेली. एक सल्ला फुकट देतो : दलाल दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नाव काढू लागला की बारीकसारीक विचारत जा, कच्चा असला तर अडखळेल. मी कच्चा नाही. गुरुजींना फोनवर सांगितलं, लामत्याची बाई आहे, रिटायर्ड नर्स, जरा लंगडते, काळी छत्री घेऊन एकटीच आली होती, घर फार आवडलंय. ‘फक्त स्वयंपाकाचा ओटा खाली आहे म्हणाली’ हे वाक्य मात्र भाव ठरवताना काढायचं म्हणून पोटातच ठेवलं होतं. बायकोलाही बोललो नव्हतो.

गुरुजी दुसऱ्याच दिवशी बायकोला, म्हणजे गुरुजीबाईंना, घेऊन हजर. ताई दवाखान्यात गेलेली, चावी माझ्याकडे.

तर गुरुजीबाईंना विचारलं, कशी होती बाई? लंगडत होती, छत्री होती. ठीक, गुरुजींनी घरी सांगितलं असेल. म्हटलं, काही बोलली का?

“ओटा खाली आहे म्हणे. कंबर धरते.”

गाडी तशीच सोडून धावलो. आत गेलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी. पलंगाखाली वाकलो, तांदळाच्या कोठीचं झाकणसुद्धा उचललं. मागच्या दाराला आतून कडी, खिडक्यांना गज... कोणी नाही. फक्त ओट्यावर पीठ सांडलं होतं आणि त्यातून कोणीतरी ओली बोटं फिरवली होती. रेघा अजून ओल्या होत्या.

गुरुजींना बाई कुठं गेली ह्यापेक्षा घर जाईल ह्याचीच धास्ती. म्हणाले, आत्ताच गूळ द्या. आमच्या बालाघाटात रजिस्ट्री नंतर. आधी मालक गिऱ्हाइकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो, त्यानं तो खाल्ला की सौदा झाला. मग दुसऱ्यानं दुप्पट दिले तरी घर फिरत नाही.

तेवढ्यात ताई ऑटोतून उतरली. मी घाईघाईनं सांगितलं, गूळ काढ. ती शांतपणे म्हणाली, घर तर सकाळीच दिलं. लामत्याची बाई आली होती, लंगडत, तुझंच नाव सांगत होती. तिला गूळ दिला, तिनं खाल्ला.

गुरुजी त्या दिवसापासून माझा फोन उचलत नाहीत.

मी अख्खं लामता पालथं घातलं. दवाखाना, किराणा दुकानं, गल्ल्या. अशी नर्स ना कोणी पाहिली, ना ऐकली. असणार कशी, माझ्या डोक्यातून निघालेली ती! मित्र म्हणतात योगायोग. योगायोगाला ओट्याचं कोणी सांगितलं?

नंतर मी खऱ्याखुऱ्या पार्ट्या आणल्या, ताईनं फाटकातूनच परत पाठवल्या. मागच्या आठवड्यात ती पुन्हा पडली. मुलगी गाडी घेऊन न्यायला आली, ताई गाडीत बसली नाही. शेवटी मी सगळं ओकलो – ताई, अशी बाईच नाही, मी फोनवर बनवून सांगितली होती, तू कोणाची वाट पाहून राह्यली?

ताई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “गूळ खाल्ला ना तिनं. येईल थे.”