आयलर्टच्या गाडीचा ब्रेक

गाडी घरी आली आणि आयलर्टची झोप गेली. दोन हिवाळे ती हालवारच्या गॅरेजात सुटी होऊन पडली होती, तेव्हा हा माणूस निवांत होता. एप्रिलच्या शेवटी ती नव्यासारखी होऊन दारात उभी राहिली, आणि त्याचे जेवणावरून मन उडाले.

गाडी वडिलांची. नॉर्वेत मोटार घ्यायला परवाना लागे त्या काळात हेरिंग मासळीच्या बदल्यात रशियाहून गाड्या येत, आणि त्या कोळ्यांनाही मिळत. तशी ही हिरवी पोबेदा. वडील गेल्यावर ती बोटीच्या शेडमध्ये जाळ्यांशेजारी गंजत राहिली. निवृत्त झाल्यावर आयलर्टने ती बाहेर काढली.

तो स्वतः आयुष्यभर फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीच्या, फेरीबोटीवर गाड्या लावून घेत असे. हाताने खुणा करायच्या, गाड्या एकमेकींना न घासता ओळीत उभ्या करायच्या. बोलावे फारसे लागत नसे आणि ते त्याच्या पथ्यावर पडे. कोणी हुज्जत घातली तर तो मुकाट्याने कॅप्टनला बोलावून आणी. भांडण म्हटले की तो चार पावले मागे सरे.

आणि आता गाऱ्हाणे होते ते हालवारविरुद्ध. हालवार शाळेतला बाकावरचा सोबती, जुन्या गाड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. पंचक्रोशीतल्या निम्म्या जुन्या गाड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या.

झाले होते ते असे. गाडीच्या पहिल्याच फेरीत आयलर्ट चर्चचा उतार उतरत होता. पुढे ट्रॅक्टर होता, म्हणून त्याने ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी सावकाश सोडली. निम्म्या उतारावर पेडल पायाखालून जाऊ लागले. एकदम नाही, ओल्या वाळूत काठी रुतावी तसे, हळूहळू, तळापर्यंत. त्याने हँडब्रेक खेचला. ट्रॅक्टरच्या मागे वीतभर अंतरावर गाडी थांबली. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलेही नाही.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजात गेला. हालवारने ऐकून घेतले, गाडीत बसला आणि पेडलवर असा पाय मारला की गाडी पुढच्या चाकांवर वाकली.

“कुठे जातंय खाली? दगड आहे हा.”

“काल गेलं होतं.”

“काल तू घाबरला असशील. बापाची गाडी, नवा रंग. कॉफी घेतोस?”

आयलर्टने कॉफी घेतली. दुसऱ्यांदा गेला तेव्हा हालवारने कुरकुर न करता ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, पुन्हा पाय मारून दाखवला, पुन्हा कॉफी दिली. तिसऱ्यांदा गेला तेव्हा बाकावर मंडळाची दोनचार माणसे वाफल खात बसली होती.

“आला बघा आमचा इन्स्पेक्टर,” हालवार म्हणाला. “अरे, पेडल साठीच्या पुढचं आहे. तुझे गुडघे नाही का खाली जात?”

सगळे हसले. आयलर्टही हसला. घरी येताना त्याने सबंध रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये कापला.

“पलीकडच्या गावातल्या गॅरेजला दाखव,” राग्ना म्हणाली. नवऱ्याचे बशीत तसेच राहिलेले मासे तिने मांजरापुढे सरकवले.

“जायचं फेरीबोटीतून. डेकवरची पोरं विचारणार, पोबेदा घेऊन कुठे निघालास? संध्याकाळपर्यंत हालवारला कळेल.”

“कळू दे की.”

“त्याने दोन वर्षं घातलीत गं त्या गाडीत. मी दुसऱ्याकडून तपासून घेतली म्हणजे तो खोटारडा ठरला.”

“मग सरकारी तपासणी?”

“पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ती नसते. ज्याने दुरुस्त केली त्याचा शब्द, बस.”

राग्ना त्याच्याकडे वळली. “तुला भीती नक्की कशाची आहे? गाडीची की हालवारची?”

“दोघांची,” आयलर्ट म्हणाला.

मग सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या, मिरवणुकीतल्या गाड्यांची वाटणी झाली. गावाची रीत अशी की वृद्धाश्रमातल्या मंडळींना जुन्या गाड्यांत बसवायचे आणि चर्चपासून धक्क्यापर्यंत मिरवत न्यायचे. पुढे वाजंत्री, तिच्यामागे झेंडे घेतलेली शाळेची मुले, मुलांच्या लगेच मागे गाड्या. सगळा रस्ता उताराचा, आणि चाल मुलांच्या पावलांची. आयलर्टच्या गाडीला पहिला नंबर मिळाला. आत बसणार होत्या बोर्गहिल्डबाई, हालवारची नव्वदी ओलांडलेली आई.

“तुला शंका आहे ना?” हालवार त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला. “म्हणून माझी आईच तुझ्या गाडीत बसवली. आता तरी झोप.”

झोप उरलीसुरली गेली. हालवार फसवत नव्हता हे आता उघड होते. फसवणारा माणूस स्वतःच्या आईला त्या गाडीत बसवणार नाही. म्हणजे त्याला खरोखरच ब्रेक चांगला वाटत होता. मग चूक कोणाची? आपला पाय, आपली भीती, की खरोखरच काही? आयलर्ट घरासमोरच्या सपाटीवर गाडीत बसून पेडल दाबून बघे. कधी ते टिके, कधी जाई. आपण वेडे होत चाललो आहोत की काय, असेही त्याला वाटून गेले.

त्याने आधी फोन करून नाही म्हणायला हवे होते. ते जमले नाही. सतरा मेच्या सकाळी त्याने पारंपरिक पोशाख चढवला, चांदीची बटणे लावली आणि वरच्या सपाट रस्त्याने गाडी चर्चसमोर आणली. मनाशी ठरवले होते की पाठ धरली आहे असे सांगायचे. खोटे, पण त्यात कोणाचा अपमान नव्हता.

तो उतरेपर्यंत आश्रमाच्या तूरिदने बोर्गहिल्डबाईंना मागच्या सीटवर बसवून गुडघ्यांवर शाल टाकलीसुद्धा.

“आयलर्ट, तुझ्या बापाने मला या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं,” बाई म्हणाल्या. “हा हालवार तेव्हाच झाला. चल लवकर. खाली सॉसेज संपतात.”

“मावशी, माझी पाठ जरा…” आयलर्ट पुटपुटला. मग हालवारकडे वळून तेच मोठ्याने म्हणाला. “पाठ धरलीय रे. मला काही चालवता यायचं नाही.”

“एवढंच ना?” हालवारने हात पुढे केला. “दे चावी. मी नेतो. माझी गाडी राहू दे इथेच घरी जाईपर्यंत.”

हे आयलर्टच्या ध्यानीमनी नव्हते. पुढे मुले ओळीत उभी राहत होती. एक लहान मुलगी गाडीच्या बंपरला टेकून बुटाची नाडी बांधत होती. चावी त्याच्या मुठीत होती आणि मूठ उघडत नव्हती.

“दे की.”

“नाही.”

“काय नाही?”

“पाठ बरी आहे माझी. पेडल खाली जातं, हालवार. या गाडीतून मावशी जाणार नाहीत. कोणीच जाणार नाही.”

आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. आजूबाजूची माणसे बोलायची थांबली. हालवारचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

“आज? सगळ्यांसमोर?”

“आजच.”

हालवारने त्याच्या मुठीतून चावी जवळजवळ ओढूनच घेतली, गाडीत बसून इंजिन चालू केले आणि पेडलवर पाय मारला. पेडल घट्ट. “बघा,” तो खिडकीतून म्हणाला. “सगळ्यांनी बघा.” दोघेतिघे हसले.

“तसं नाही,” आयलर्ट म्हणाला.  “तू नेहमी दणका मारतोस. दणक्याला ते धरतं. मिरवणुकीत ठेवशील तसा हलका पाय ठेव, आणि ठेवूनच दे.”

“किती वेळ?”

“मी सांगेपर्यंत.”

हालवारने पाय ठेवला. काही झाले नाही. वाजंत्रीवाले सूर लावून बघत होते. कोणीतरी घड्याळ पाहिले. हालवार तोंड उघडून काही बोलणार, एवढ्यात त्याची नजर खाली आपल्या पायाकडे गेली. त्याने पाय उचलला, पुन्हा हलकाच ठेवला. या वेळी आयलर्टला खिडकीतून त्याचा गुडघा सरळ होत जाताना दिसला, सावकाश, पूर्ण.

हालवारने इंजिन बंद केले. आरशात त्याची आई दिसत होती, काचेपुढे मुलांचे झेंडे.

“ब्रेकच्या सिलिंडरच्या आतलं रबर,” तो फक्त आयलर्टला ऐकू जाईल असे म्हणाला. “जोर पडला की फुगतं आणि धरतं. हलक्या पायाला तेल मागे सुटतं. मापात नाही ते. आणि मी आयुष्यात कधी हलक्या पायाने तपासलं नाही.” मग म्हणाला, “तू सांगायला हवं होतंस.”

“तीनदा सांगितलं.”

“सांगितलंस. आणि सांगून कॉफी प्यायलास. खरंच घाबरलेला माणूस कॉफी पितो का रे?”



“निघायचं की नाही?” मागून बोर्गहिल्डबाई.

“आई, उतर. चाकांच्या खुर्चीवरून जाऊ. मी ढकलतो.”

“नवा रंग दिलेली गाडी सोडून खुर्चीवरून?”

“हो.”

आईला खुर्चीत बसवून तिच्यावर शाल नीट करताना हालवारचे हात मध्येच थांबले. तो ताठ झाला आणि मागे उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेकडे बघू लागला. आयलर्टनेही बघितले, पण त्याला काही समजेना.

“त्याच डब्यातली रबरं,” हालवार म्हणाला. “त्या निळ्या ओपेलमध्ये घातलीत. आणि शेवटच्या व्हॅनमध्ये.”

ओपेल निवृत्त मुख्याध्यापकांची होती. तिच्यात तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या, छातीवर फिती लावून. व्हॅनमध्ये किती होत्या ते दिसत नव्हते. बॅंडमास्तराने हात वर केला.

“थांबव त्याला,” आयलर्ट म्हणाला. हालवार हलला नाही. एवढा दांडगा माणूस, पण रंग उतरलेल्या भिंतीसारखा दिसत होता. तेव्हा आयलर्टच पुढे झाला आणि फेरीबोटीवर ट्रक थांबवायचा तसे दोन्ही पंजे पुढे करून मुलांच्या ओळीसमोर उभा राहिला. बॅंडमास्तराने चिडून हात खाली घेतला.

“तू ये माझ्याबरोबर,” हालवार म्हणाला. “बोलू नकोस. बोलायचं माझं मी बोलतो. नुसता शेजारी उभा राहा.”

  आयलर्ट त्याच्याबरोबर गेला. मुख्याध्यापकांनी काच खाली केली.

“सर, गाडी बंद करा,” हालवार म्हणाला. “ब्रेकचं काम मी चुकीचं केलंय.”

“माझ्या गाडीचं? माझी काही तक्रार नाही.”

“ठाऊक आहे. तरी बंद करा.”

मुख्याध्यापकांनी आधी त्याच्याकडे, मग आयलर्टकडे पाहिले. आयलर्टने मान हलवली. त्यांनी चावी फिरवली आणि विचारले, “मग या बायकांनी खाली जायचं कसं?”

मिरवणूक बऱ्याच उशिराने निघाली. तीन गाड्या चर्चसमोर राहिल्या, आणि आश्रमातून खुर्च्या आणून त्यांतली माणसे ढकलत न्यावी लागली. खुर्च्या पुरल्या नाहीत, तेव्हा दोघींना राग्नाने आणि तूरिदने हाताला धरून चालवले. आयलर्टच्या वाट्याला ओपेलमधल्या एक बाई आल्या. उतारावर त्याने खुर्ची दोन्ही हातांनी मागे ओढून धरली होती. त्याच्या पुढे हालवार आईची खुर्ची तशीच ओढून धरत चालला होता. कडेचे लोक त्याला गाडी कुठे म्हणून विचारत, आणि तो प्रत्येकाला ब्रेकचे आपले काम चुकल्याचे सांगत होता. धक्क्यापर्यंत तो आयलर्टशी एक शब्दही बोलला नाही.