मोहाखालची झाडलोट

आम्ही रविवारी प्रार्थनेला जाणारी माणसं. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून भांडी घासायला जाते... मला ते पटत नाही, आजही नाही. पण एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. चार माणसांत बोलायला मला जमत नाही, म्हणून वहीत लिहून ठेवते. घरी आमची बोली वेगळी. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्या मराठीत लिहिते.

नवापूरच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून डोंगरात एक पडका मठ आहे. बायांचा मठ म्हणतात. पूर्वी तिथे लग्न न केलेल्या, देवाला वाहिलेल्या बाया राहायच्या. ठरल्या वेळी घंटा व्हायची. आता काळ्या दगडाच्या प्रार्थनाघराला छप्पर नाही, कमानींतून आभाळ दिसतं. भोवती मठाचीच मोठी जमीन – आंब्यांची रांग, बुजलेली विहीर, साग, मोह. आणि मागे दफनभूमी.

माझी आई मठात झाडलोट करायची. ती डावखुरी. आमच्याकडे मोहाची फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळून जमीन मोकळी करतात. बायांना ते चालायचं नाही. मग आई एकेक झाडाखाली झाडत बसायची. तिच्या झाडूच्या रेघा इतर बायकांपेक्षा उलट्या बाजूला वळायच्या. मी चौथीत असताना ती गेली. तिला तिथेच माती दिली. पुढे मठ बंद पडला.

गेल्या फाल्गुनात आबा – माझे वडील – फार थकले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. आबांचं एकच मागणं, "मला तुझ्या आईशेजारी ठेवा." पण शेजारी म्हणजे कुठे? लाकडी क्रूस वाळवीने खाल्ले होते. आबांना एकच खूण आठवत होती – उशाशी त्यांनी आईच्या जात्याची फुटकी तळी, म्हणजे खालचा दगड, ठेवली होती.

"आधी जागा दाखवा, मग मरतो," ते म्हणाले.

मग आमच्या ह्यांनी रिक्षा केली. रस्ता संपला तिथून आबांना पाठीवर घेतलं. भर दुपार होती. आबांना प्रार्थनाघराच्या पायरीवर बसवलं. मी भाकरीची पिशवी दफनभूमीतल्या एका वाकड्या मोहाच्या फांदीला अडकवली. त्या झाडाखाली माझे पाय घोट्याच्या वर पाल्यात बुडाले होते, हे मला पक्कं आठवतं. सगळीकडे तेच, सागाची सुकी पानं. तासभर हातांनी उपसलं. तळी काही सापडेना.

ह्यांनी काडेपेटी काढली. "जाळून टाकू. दगड आपोआप दिसतील."

"जावई, काडी नका लावू!" आबा पायरीवरून ओरडले. "बायांच्या आवारात पाला झाडतात, जाळत नाहीत."

"अहो आबा, बाया गेल्या कधीच. आता रागवायला कोण येतंय?" हे हसले आणि काडी लावली.

वारा उठला. बघता बघता आग माणसाएवढी झाली. आबांना उचलून आम्ही कमानीच्या आत नेलं. हे ओल्या फांद्या घेऊन आग झोडपत होते, पण ऐकते कुठे! धुरात काही दिसत नव्हतं. मला वाटलं, आता आईची जागा कायमची गेली... मी नुसती देवाचं नाव घेत उभी राहिले.

आग जशी आली तशी विझली. धूर गेला. सगळी दफनभूमी काळी.

फक्त त्या वाकड्या मोहाखाली, बैलगाडी मावेल एवढी गोल जमीन तांबडी होती. राख नाही, एक पान नाही. पिशवी फांदीला तशीच. मातीवर झाडूच्या ताज्या रेघा, अर्ध्या अर्ध्या गोलाच्या. मधोमध जात्याची तळी, धूळसुद्धा झटकलेली.

"वाऱ्याने उडाला असेल पाला," हे म्हणाले.

आबांना मी धरून आणलं. ते वाकले, रेघांवरून बोट फिरवलं. मग हसले.

"डाव्या हाताची झाडलोट आहे," म्हणाले. "एवढी वर्षं झाली, अजून हिचं आवरणं होईना." मग ह्यांच्याकडे पाहिलं, "विचारत होता ना जावई, कोण येतंय म्हणून?"

हे चप्पल काढून गोलाच्या बाहेर उभे राहिले. मला भीती वाटली नाही. प्रार्थनेत कधीकधी छाती भरून येते, तसं झालं.

पावसाच्या आधी आबा गेले. त्यांना तिथेच ठेवलं, तळीच्या उजव्या हाताला.

मी खूप विचार केला. आग वाऱ्याने वळते, कबूल. पण झाडलेला पाला कुठेतरी ढीग होऊन पडायला हवा. आम्ही त्या दिवशी सगळीकडे पाहिलं, ढीग नव्हता. झाडूही नव्हता.

यंदा फाल्गुनात आम्ही दोघं झाडू घेऊन गेलो. हे विडी ओढणारे. पण काडेपेटी त्यांनी रस्ता संपतो तिथेच, एका दगडाखाली ठेवली.